अडविणाऱ्या शब्दांच्या छटा

कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने इंग्रजी शब्दांच्या अर्थच्छटांवर व्याख्यान द्यावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. हा विषय प्राध्यापकांचा, असे आपण समजत आलो आहोत. परंतु कामगाराच्या वाट्याला येणारे किती तरी कागद आजही इंग्रजीतच लिहिलेले असतात. नेमणुकीचे पत्र इंग्रजीत, वेतनकरार इंग्रजीत, कोर्टाचा हुकूम इंग्रजीत आणि यंत्रावरची पाटीही पुष्कळदा इंग्रजीत. या कागदांत माणसाला कोठे ना कोठे अडविलेले असते. अडविणारे शब्द वरवर एकमेकांसारखे दिसतात, पण प्रत्येकाची अडविण्याची तऱ्हा निराळी असते. विद्यार्थ्याने हे शब्द एकमेकांत मिसळले तर परीक्षेतला एखादा गुण जातो. आमच्या लोकांनी मिसळले तर पगार जातो, नोकरी जाते आणि क्वचित जीवही जातो. म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला.

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे इंग्रजी आम्ही कराराचे मसुदे वाचता वाचता आणि शब्दकोश उशाशी ठेवून शिकलो. या बाबतीत मराठी माणूस भाग्यवान आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली आली, आणि मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली छापला गेला. परंतु कोश चाळणाऱ्याची एक अडचण होते. 'लिमिट' पाहावा तर मर्यादा, सीमा, हद्द असे अर्थ मिळतात. 'बाउंडरी' पाहावा तर सीमा, हद्द, मर्यादा. 'रिस्ट्रिक्शन' पाहावा तर निर्बंध, बंधन आणि पुन्हा मर्यादा! तीन घरांची दारे ठोठवावीत आणि तिन्ही घरांतून तोच माणूस बाहेर यावा, तसे होते.

यावर आम्ही एक उपाय काढला. असा शब्द भेटला की त्याला चार प्रश्न विचारावयाचे. हा शब्द कोठे थांबावयाचे ते सांगतो काय? हा आहे ती जागा अरुंद करतो काय? यात धरणारा हात कोणाचा आहे? आणि आत सापडलेल्याला बाहेर पडावयास वाट आहे की नाही? या चार प्रश्नांनी बहुतेक शब्द आपापल्या जागी बसतात. ते कसे, ते आता पाहू.

रेषा, काठ आणि कपाळ

प्रथम जमिनीवरचे शब्द घेऊ. बाउंडरी, बॉर्डर आणि फ्रंटियर या तिघांनाही आपण मराठीत सीमा म्हणून मोकळे होतो. फरक समजण्यास लुगड्याचे उदाहरण पुरेसे आहे. लुगडे जेथे संपते ती बाउंडरी. तिला रुंदी नाही. अलीकडे लुगडे, पलीकडे काही नाही. लुगड्याचा काठ ही बॉर्डर. तिला रुंदी आहे, ती लुगड्याचाच भाग आहे, आणि दुकानदार तिचे वेगळे मोलही सांगतो. इंग्रजीत बॉर्डर शब्दाचा मूळ अर्थ कडा असाच आहे. म्हणून बाउंडरी नकाशावर आखतात, आणि बॉर्डरवर माणसे राहतात, शेती करतात, बाजार भरवितात.

फ्रंटियरची गोष्ट आणखी निराळी. लॅटिनमध्ये 'फ्रॉन्स' म्हणजे कपाळ. त्यावरून हा शब्द आला. देशाचे परक्याकडे वळलेले कपाळ ती फ्रंटियर. आपला 'सरहद्द' शब्दही असाच बनला आहे. फार्सीत 'सर' म्हणजे डोके आणि अरबीत 'हद्द' म्हणजे सीमा. कोणी कोणाचे पाहून लिहिले नाही, पण रोमन आणि इराणी या दोघांनाही देशाची कड पाहून माणसाचे डोके आठवले! फ्रंटियर हा पट्टा असतो, रेषा नव्हे. १८९३ साली ड्युरंड रेषा आखली गेली आणि १९०१ साली वायव्य सरहद्द प्रांत निर्माण झाला. इंग्रजांचा नेहमीचा कारभार काही जिल्ह्यांपर्यंत चाले; त्यांच्या पलीकडे आणि ड्युरंड रेषेच्या अलीकडे टोळ्यांचा मुलूख पसरलेला होता. त्या मुलखाला बाउंडरी म्हणता आले नसते. तो फ्रंटियरच होता.

याच शब्दांच्या वाटेवर एक गृहस्थ आपल्याला पुनःपुन्हा भेटतात. त्यांचे नाव न्यायमूर्ती मेहरचंद महाजन. १९४७ साली पंजाबची वाटणी करण्यासाठी रॅडक्लिफच्या अध्यक्षतेखाली जे बाउंडरी कमिशन नेमले, त्यातील चार न्यायाधीशांपैकी ते एक. त्या कमिशनचे काम रेषा ओढण्याचे होते. रेषा १७ ऑगस्ट १९४७ रोजी जाहीर झाली आणि बाउंडरी या कोरड्या शब्दाच्या दोन्ही बाजूंस काय घडले, ते जगाने पाहिले. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव आणि भोवतालचा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या तंट्यासाठी १९६६ साली जो आयोग नेमला, तोही महाजनांचाच. १९६७ साली आलेला त्याचा अहवाल महाराष्ट्राने मान्य केला नाही, आणि २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. मराठीत आपण याला 'सीमाप्रश्न' म्हणतो आणि तेथील मुलखाला 'सीमाभाग' म्हणतो. पहिल्या शब्दातली सीमा रेषा आहे, दुसऱ्यातली सीमा काठ आहे. एकच मराठी शब्द दोन्ही ओझी वाहतो. वाद रेषेचा होतो आणि भोगावे लागते ते काठावरच्यांना, हे त्या दोन शब्दांतच दिसते.

आपल्या खेडुताला हे भेद नवे नाहीत. शेताचा तो बांध, गावाची ती शीव, गावात शिरण्याची ती वेस आणि घराभोवतीचे ते कुंपण. मुंबईतल्या शीव या ठिकाणाचे नाव बेटाच्या हद्दीवरूनच पडल्याचे मानतात. साहेबाने त्याचे 'सायन' केले आणि अर्थ पुसला गेला. दसऱ्याला आपण शिलंगणाला जातो ते सीमोल्लंघन होय. म्हणजे सीमा ही ओलांडण्याचीही वस्तू आहे. क्रिकेट पाहणाऱ्यांना हे समजाविण्याची गरज नाही. तेथे चेंडू बाउंडरीपार गेला तर फलंदाजाला दंड होत नाही, चार धावा मिळतात!

लिमिट : कोठपर्यंत?

आता लिमिट पाहू. लॅटिनमधील 'लीमेस' म्हणजे दोन शेतांमधली वाट, आणि पुढे रोमन साम्राज्याची तटबंदीची कड. म्हणजे लिमिट हा शब्द मुळात बांधावरचा आहे. त्याचा स्वभाव असा की तो शेवटचा बिंदू सांगतो आणि त्या बिंदूच्या अलीकडे तुम्हांस मोकळे सोडतो. वेगाची लिमिट ताशी ५० किलोमीटर असेल, तर ४९ ने जाणाऱ्यास कोणी जाब विचारीत नाही. लिमिट पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. कोठपर्यंत, एवढेच ती सांगते.

१९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगाराला आठवड्यात ४८ तासांहून आणि दिवसात ९ तासांहून अधिक वेळ कामास लावू नये, असे ठरविले होते. ही लिमिट होय. ती कामगाराला अडवीत नव्हती, मालकाच्या हाताला अडवीत होती. म्हणून लिमिट दिसली की लगेच विचारावे, ही कोणासाठी? कारखान्याच्या कमानीवर 'लिमिटेड' असे लिहिलेले असते. कामगार समजतो, मोठ्या कंपनीचा हा काही किताब असावा. खरे पाहता १८५५ च्या इंग्लंडमधील कायद्यापासून या शब्दाचा अर्थ एवढाच आहे की, कंपनी बुडाली तर भागधारकाने आपल्या भागापलीकडे पदरचे काही देणे लागत नाही. मर्यादा आहे ती त्याच्या जबाबदारीला. नफ्याला मर्यादा आहे, असे तो शब्द कोठेही म्हणत नाही! आपल्या सहकारी साखर कारखान्यांच्या आणि पतपेढ्यांच्या नावापुढे जो 'मर्यादित' शब्द असतो, तो याच शब्दाचा मराठी अवतार. मात्र मराठीत मर्यादा म्हटले की अदब आणि शील यांचा वास येतो, तसा इंग्रजी लिमिटला येत नाही. मर्यादापुरुषोत्तमाची मर्यादा त्याने स्वतः पाळलेली होती. लिमिट ही बाहेरून घातलेली असते.

लिमिटची दोन भावंडे कामगारांच्या फार परिचयाची आहेत. एक सीलिंग, म्हणजे छत. दुसरे फ्लोअर, म्हणजे जमीन. छताच्या वर जाता येत नाही, जमिनीच्या खाली जाता येत नाही. भविष्यनिर्वाह निधीसाठी वेतनाचे सीलिंग २०१४ साली ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपयांवर नेले गेले. १९६१ चा महाराष्ट्राचा जमीनधारणेचा कायदाही सीलिंगचाच. जमिनीच्या सीलिंगने मोठ्या जमीनदाराला अडविले आणि भूमिहीनाला आशा दिली. पेन्शनच्या सीलिंगने कामगाराचाच हिशेब छताला टेकतो. शब्द एकच आहे, पण छताखाली कोण उभा आहे यावर तो मित्र की शत्रू ते ठरते. म्हणून वाटाघाटीला बसताना आपल्या मागणीखाली जमीन मागावी आणि दुसऱ्याने छत पुढे केले तर त्याची उंची मोजावी.

कोर्टकचेरीत आणखी एक लिमिट असते. १९६३ च्या ज्या कायद्याला आपण मुदतीचा कायदा म्हणतो, त्याचे इंग्रजी नाव लिमिटेशन ॲक्ट. मुदत टळली म्हणजे घेणे खोटे ठरते असे नव्हे. घेणे सामान्यतः तसेच राहते, वसुलीसाठी कोर्टाचे दार तेवढे बंद होते. कामगाराच्या दृष्टीने मात्र दोन्हींचा परिणाम सारखाच.

रिस्ट्रिक्शन : किती अरुंद?

लिमिट शेवट सांगते. रिस्ट्रिक्शन वाट अरुंद करते. या शब्दाच्या पोटात लॅटिन 'स्त्रिंगेरे' म्हणजे आवळणे हा धातू आहे. स्ट्रिक्ट, स्ट्रिंजंट, रिस्ट्रेन, कन्स्ट्रेन हे सारे त्याचेच गोतावळे. दोरी आवळली तरी आत काही उरते. उरले नाही तर त्याला आवळणे म्हणत नाहीत, गळा दाबणे म्हणतात. हा भेद आपल्या देशात एका विडीच्या खटल्याने कायमचा करून दिला.

१९५० साली राज्यघटना अमलात आली. तिच्या १९ व्या अनुच्छेदात भाषण, सभा, संघटना, व्यवसाय यांची स्वातंत्र्ये दिली आणि त्यांच्यावर राज्याला निर्बंध घालता येतील असेही सांगितले. व्यवसायावरील निर्बंध 'रीझनेबल', म्हणजे वाजवी असले पाहिजेत, अशी अट होती. भाषणस्वातंत्र्याच्या कलमात हा वाजवी शब्द पहिल्याने नव्हता. तो १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. त्याच सुमारास सागर जिल्ह्यातून एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४८ च्या एका कायद्याखाली तेथील अधिकाऱ्याने हुकूम काढला होता की, शेतीच्या हंगामात काही गावांतील कोणीही विड्या वळू नयेत. हेतू सांगितला तो असा की, शेतीला मजूर मिळावेत. विडी कारखान्याचा मालक आणि एक कामगार असे दोघे या हुकुमाविरुद्ध न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९५० मध्ये निकाल लागला आणि तो लिहिला न्यायमूर्ती महाजन यांनीच.

न्यायालयाचा युक्तिवाद कोणाही समंजस माणसाला पटण्यासारखा आहे. शेतीला मजूर हवेत, हे खरे. पण ज्या गावांत हुकूम लागू झाला, तेथे आजारी आणि अपंग माणसे होती, मुले होती, म्हाताऱ्या बाया होत्या, किरकोळ दुकानदार होते. ही माणसे शेतात राबणार नव्हतीच. त्यांच्या हातची विडी काढून घेऊन शेतीला एकही मजूर मिळणार नव्हता. तेव्हा हेतूला जेवढे लागते त्यापेक्षा जे अधिक आवळते, ते वाजवी नव्हे, असे न्यायालयाने ठरविले आणि हुकूम व त्यामागची तरतूद रद्द झाली. पुढे १९५९ साली तांब्याच्या व्यापाराच्या एका खटल्यात न्यायालयाने असेही म्हटले की, काही प्रसंगी निर्बंध पूर्ण बंदीपर्यंत जाऊ शकतो. मात्र तेथे वाजवीपणाची कसोटी अधिक कडक लागेल. म्हणजे रिस्ट्रिक्शन आणि प्रोहिबिशन यांच्यामध्ये भिंत नाही, उतार आहे. उतारावरून खाली जाणाऱ्याने प्रत्येक पावलाचे कारण दिले पाहिजे.

१९४८ च्या कारखाने कायद्यात तर तिन्ही पायऱ्या जवळजवळ मांडलेल्या होत्या. प्रौढांच्या तासांना लिमिट. स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच काम, हे रिस्ट्रिक्शन. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात मुळीच काम देऊ नये, हे प्रोहिबिशन. आता २०२० च्या संहितांनी या कायद्याची जागा घेतली आहे. त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. स्त्रियांच्या रात्रपाळीबाबत आता संमती आणि सुरक्षिततेच्या अटी आहेत. निर्बंध जाऊन अट आली. कागदावर हे एका शब्दाचे अंतर आहे. पण ज्या बाईला नोकरी टिकवावयाची आहे, तिची संमती किती मोकळी असेल, हे आम्हांला संघटनेच्या कचेरीत बसून पाहावे लागते.

याच कुळातला कन्स्ट्रेन हा शब्द मोठा धूर्त आहे. रिस्ट्रिक्शन घालणारा कोणी तरी असतो. कन्स्ट्रेंट असतो तो परिस्थितीचा; त्यात हात कोणाचाच दिसत नाही. मालकाच्या पत्रात 'वुई आर कन्स्ट्रेन्ड' असे आले की आमच्या काळजात धस्स होते, कारण पुढच्या ओळीत कामगारकपात असते. 'आमचा नाइलाज आहे' हेच ते वाक्य. अशा वेळी तिसरा प्रश्न विचारावा. धरणारा हात कोणाचा? पुष्कळदा नाइलाजाच्या बाहीतून सहीचाच हात बाहेर येतो.

रिस्ट्रेंट आणि कन्फाइनमेंट

रिस्ट्रेन आणि रिस्ट्रिक्ट एकाच पोटचे, पण स्वभाव वेगळे. रिस्ट्रिक्ट जागेला लागतो, रिस्ट्रेन माणसाला लागतो. चालत्या माणसाला मागून धरणे, हे रिस्ट्रेन. आणि कन्फाइन? त्यात लॅटिन 'फीनिस' म्हणजे शेवट आहे. सगळ्या बाजूंनी शेवट आणून ठेवणे, हे कन्फाइन.

हा भेद मेकॉलेच्या भारतीय दंडविधानात आरशासारखा स्वच्छ होता. १८६० च्या त्या कायद्याच्या ३३९ व्या कलमानुसार, ज्या दिशेने जाण्याचा माणसाला हक्क आहे अशा कोणत्याही एका दिशेने त्याला जाऊ न देणे, हा 'राँगफुल रिस्ट्रेंट' झाला. ३४० व्या कलमानुसार त्याला ठरावीक वर्तुळाबाहेर पडूच न देणे, हा 'राँगफुल कन्फाइनमेंट' झाला. पहिल्याला एक महिन्यापर्यंत साधी कैद, दुसऱ्याला एक वर्षापर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हीच कलमे १२६ आणि १२७ म्हणून आली आहेत. वर्तुळाला भिंती लागतात असेही नाही. दाराशी बंदूकवाले उभे केले, तरी खोली मोकळी असून माणूस बंदिस्तच असतो, हे मूळ कायद्यातल्या उदाहरणानेच सांगितले होते.

आमच्या चळवळीशी याचा थेट संबंध आहे. १९६७ साली बंगालमध्ये घेरावांची लाट आली. घेरावाच्या प्रसंगी पोलिसांनी कामगारमंत्र्यांना विचारल्याशिवाय हात घालू नये, अशी परिपत्रके सरकारने काढली. कलकत्ता उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द केली आणि सांगितले की, घेरावात रिस्ट्रेंट किंवा कन्फाइनमेंट घडले तर तो गुन्हाच. कामगार संघटनेच्या कायद्याचे कवच तेथे लागू पडत नाही. आम्ही आमच्या पोरांना हेच समजावतो. फाटकाबाहेर उभे राहून घोषणा द्या, कामावर जाणाऱ्याला हात जोडून विनवा. साहेबाच्या एका वाटेत आडवे झालात तर ते एक कलम. चारी वाटा अडविल्यात तर ते दुसरे. मोर्चा आणि तुरुंग यांच्यामध्ये कधी कधी एवढेच अंतर असते.

रिस्ट्रेंट शब्दाने खुद्द कामगार संघटनांनाच एके काळी जवळजवळ मारले होते. इंग्लंडच्या कायद्यात 'रिस्ट्रेंट ऑफ ट्रेड' म्हणजे व्यापाराला अडविणारा करार बेकायदा मानला जाई. एवढ्याहून कमी मजुरीवर आम्ही कोणीच काम करणार नाही, असे कामगारांनी मिळून ठरविणे, हेही त्यातच मोडले. १८६७ साली बॉयलर बनविणाऱ्या कामगारांच्या संघटनेने ब्रॅडफर्ड शाखेच्या खजिनदाराकडे अडकलेल्या २४ पौंडांसाठी दावा लावला. न्यायालयाने सांगितले की, तुमची संघटनाच व्यापाराला अडविणारी, तेव्हा तुमच्या पैशाला कायद्याचे संरक्षण नाही! कामगारांची पै पै करून साठविलेली पुंजी एका शब्दामुळे उघड्यावर पडली. १८७१ च्या कायद्याने ते संकट दूर केले.

आपल्याकडे १८७२ च्या कराराच्या कायद्यातील २७ व्या कलमात तोच शब्द आला. १९१८ साली मद्रासेत गिरणी कामगारांची संघटना निघाली, आणि १९२० साली बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांनी संघटनेचे पुढारी बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळविला. कामगारांना संघटित करणे हेच अंगाशी येऊ लागले. तेव्हा नारायण मल्हार जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती विधिमंडळात ठराव आणला आणि त्याचे फळ म्हणजे १९२६ चा कामगार संघटनांचा कायदा. केवळ व्यापाराला अडथळा होतो म्हणून नोंदलेल्या संघटनेच्या सभासदांमधील करार रद्द ठरणार नाही, असे त्या कायद्याच्या १९ व्या कलमात होते. ज्या शब्दाने दार लावले होते, त्याच शब्दापुढे 'नाही' जोडून ते उघडले गेले.

गंमत अशी की, कराराच्या कायद्याचे तेच २७ वे कलम आज नोकरदाराच्या उपयोगी पडते. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे दुसऱ्या कंपनीत जाणार नाही, अशी अट नेमणूकपत्रात असते. आपल्याकडे नोकरी संपल्यानंतरची अशी अट सामान्यतः टिकत नाही. नोकरीच्या मुदतीतली मात्र टिकते. कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्यातील एका पाळी पर्यवेक्षकाच्या खटल्यात, १९६७ साली, सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांच्या करारातली अट उचलून धरली होती. सही करण्यापूर्वी 'पर्यंत' आणि 'नंतर' हे दोन शब्द कोठे आहेत, ते पाहावे.

पाटीवरचा शब्द

आता चौथा प्रश्न. बाहेर वाट आहे काय? काही वर्षांपूर्वी एका रसायनांच्या कारखान्यात टाकी धुण्यासाठी दोन कंत्राटी कामगारांना लावले. टाकीजवळ इंग्रजीत पाटी होती, 'रिस्ट्रिक्टेड एरिया'. मुकादमाने सांगितले, साहेबांची परवानगी आहे, उतरा. पहिला उतरला आणि खालीच कोसळला. दुसरा त्याला काढावयास धावला आणि तोही पडला. दुसरा वाचला. पहिला पंचवीस वर्षांचा होता, तो गेला.

चौकशीत व्यवस्थापनाने पाटीकडे बोट दाखविले. आम्ही म्हणालो, पाटीने सांगितले ते एवढेच की, येथे परवानगीवाल्यानेच यावे. परवानगी तर मिळाली होती! ती जागा रिस्ट्रिक्टेड असण्यापेक्षा 'कन्फाइन्ड' होती, हे कोणीच सांगितले नाही. रिस्ट्रिक्टेड हा शब्द कोणी यावे ते सांगतो. कन्फाइन्ड हा शब्द जागा कशी आहे ते सांगतो : हवा कोंडलेली, तोंड अरुंद, बाहेर पडावयास वाट नाही. १९४८ च्या कायद्याच्या ३६ व्या कलमाने अशा जागेसाठी पुरेसे मोठे तोंड, आतला वायू काढून टाकणे, जाणकाराचा लेखी दाखला, किंवा श्वसनाचे साधन आणि कमरेला दोर बांधून त्याचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती, असे सारे सांगितले होते. त्या दिवशी दोर नव्हता, दाखला नव्हता, आणि पाटीवरचा शब्दही चुकीचा होता. योग्य शब्दाने दोर आला असता असे आम्ही म्हणत नाही. पण दोर मागण्याची बुद्धी कोणाला तरी झाली असती. भूमिगत गटारांत उतरणाऱ्यांचे मरण आजही आपण वर्तमानपत्रात वाचतो. गटार हीही कन्फाइन्ड जागाच आहे.

उरलेली मंडळी

आणखी काही शब्द थोडक्यात सांगतो. 'चेक' हा बुद्धिबळातला. फार्सी 'शाह' म्हणजे राजा, त्यावरून तो युरोपात गेला, आणि आपला 'शह' त्याचाच सख्खा भाऊ. शह दिल्याने डाव संपत नाही. समोरच्याला थांबून विचार करावा लागतो, एवढेच. 'कर्ब' हा घोड्याच्या साजातला, हनुवटीखालचा पट्टा. त्याला आपण लगाम म्हणू. शह क्षणाचा, लगाम सततचा. 'बॅन' या शब्दाचा जुना अर्थ दवंडी पिटणे असा होता. आधी जाहीर सांगणे आणि मग बंदी. बंदी गुपचूप घालता येत नाही, हे त्या शब्दाने अजून लक्षात ठेवले आहे. 'प्रोहिबिट' हा कायद्याचा शब्द. आणि तोही दिसतो तितका बहिरा नसतो. १९४९ च्या आपल्या दारूबंदीच्या कायद्याचे नाव प्रोहिबिशनचे, पण त्याच्या पोटात परवान्याची सोय आहेच.

दोन शब्दांपासून मात्र जपून राहावे. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, आणि 'सँक्शन्स' म्हणजे एखाद्या देशावर घातलेले निर्बंधही. 'एन्जॉइन' म्हणजे करावयास सांगणे, आणि कोर्टाच्या भाषेत करू नको असे बजावणेही. त्यावरूनच इंजंक्शन आले. त्याला आपण मनाई हुकूम म्हणतो, पण एखादी गोष्ट करण्याचा हुकूमही इंजंक्शन असू शकतो. नुसते नाव वाचून घाबरू नये आणि आनंदूही नये. खालची ओळ वाचावी.

आणि इंग्रजीतला 'बाउंड' पाहा. सीमा या अर्थाचा बाउंड फ्रेंचमधून आलेला. बांधलेला या अर्थाचा बाउंड 'बाइंड'चे रूप, आणि तो आपल्या संस्कृत 'बंध'चा दूरचा नातलग. कागदात 'बाउंड बाय' असे असले की तुम्ही बांधले गेलात, आणि 'विदिन द बाउंड्स' असे असले की त्या आवारात तुम्ही मोकळे आहात. रूप एक, अर्थ जवळजवळ उलटे.

एवढ्या विवेचनाचे सार काय? अडविणारा प्रत्येक शब्द वाईट नसतो. तासांची लिमिट नसती तर आमचे आजे-पणजे जसे दिवेलागणीपासून दिवेलागणीपर्यंत राबले, तसेच आम्हीही राबलो असतो. मुलांच्या कामावर बंदी नसती तर कारखान्यांत आजही लहान हात दिसले असते. दुबळ्याला पुष्कळदा बंधनानेच स्वातंत्र्य मिळते, आणि बळकटाला मोकळीक दिली की तो दुसऱ्याची वाट अरुंद करतो. म्हणून शब्द पाहून भिण्यापेक्षा तो कोणाला, कोठपर्यंत, कोणाच्या हाताने आणि बाहेरची वाट ठेवून की बंद करून अडवितो, ते विचारावे.

१९४८ च्या कारखाने कायद्यात असे होते की, सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावाव्यात. या 'आणि'चा आग्रह आपण सर्वांनी धरला पाहिजे. सभागृहात वकील आहेत, शिक्षक आहेत, कारखानदारही आहेत. त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, पुढच्या वेळी एखाद्या कागदावर किंवा पाटीवर असा शब्द लिहाल, तेव्हा तो ज्याला अडविणार आहे त्याच्या भाषेत त्याच्याजवळ बसून एकदा मोठ्याने वाचून दाखवा. त्याला तो समजला, तरच पुढे सही घ्या.